मुंगीच्या नावाचा निवाडा

एका वाचकाने पत्राने विचारले आहे की, आफ्रिकेतील एका मुंगीला अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांचे नाव दिल्याची वार्ता काही वर्षांपूर्वी वृत्तपत्रांतून आली होती. तर ही मुंगी तोवर शास्त्राला ठाऊकच नव्हती, हे शास्त्रज्ञांनी कशाच्या आधाराने ठरविले असेल? वार्ता खरी आहे. २०१७ साली फ्रान्सिस्को हिता गार्सिया आणि त्यांचे सहकारी यांनी, जपानमधील ओकिनावा येथील विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत काम करीत असताना, झास्फिंक्टस या वंशातील तीन नव्या आफ्रिकी जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. पश्चिम केनियातील काकामेगा अरण्यात सापडलेल्या जातीस त्यांनी ओबामांचे, दुसरीस नायजेरियाचे लेखक आणि चळवळकर्ते केन सारो-विवा यांचे, आणि मोझांबिकमधील गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानातून मिळालेल्या तिसरीस मुंग्यांचे थोर अभ्यासक एडवर्ड विल्सन यांचे नाव दिले. वार्तेला महत्त्व आले ते पहिल्या नावामुळे. परंतु शरीररचनेच्या ज्या बारकाव्यांवर या तिन्ही जातींचे वेगळेपण उभे आहे, ते बारकावे वाचकांपर्यंत क्वचितच पोहोचले. पत्रलेखकाचा प्रश्न नेमका त्या उपेक्षित भागाविषयी आहे, आणि त्या भागातच या शास्त्राचा सारा प्राण असल्यामुळे त्याचे उत्तर थोड्या विस्ताराने देणे मला अगत्याचे वाटते.

मुंग्यांच्या ज्ञात जातींची संख्या आज चौदा हजारांच्या वर गेली आहे आणि उष्ण कटिबंधातील आफ्रिकेतून तीत अजूनही भर पडतच आहे. अरण्यातील पालापाचोळा चाळताना हाती आलेली अनोळखी कामकरी मुंगी प्रथम मद्यार्कात ठेवतात. पुढे जाड कागदाच्या इवल्या त्रिकोणाच्या टोकावर, पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा कण लावून, ती मधल्या आणि मागच्या पायांच्या मुळाशी अशा बेताने चिकटवितात की, तिचे मस्तक, वक्ष, कटी आणि उदर यांपैकी काहीही झाकले जाऊ नये. एवढी दक्षता घेण्याचे कारण असे की, पुढील साऱ्या विचाराला या काही मिलिमीटर लांबीच्या देहावाचून दुसरा आधार नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो देह ठेवल्यावर जाणता परीक्षक ‘ही कोणती जात?’ असा प्रश्न प्रथम विचारीत नाही. ‘ही कोणत्या उपकुलातील?’ असे विचारतो आणि तेथून पायरीपायरीने खाली उतरतो.

पहिल्या पायरीचा निकाल बहुधा कटीपाशी लागतो. वक्ष आणि फुगीर उदर यांना जोडणारा जो निमुळता भाग, त्याला वृंत म्हणतात. तो काही उपकुलांत एकाच खंडाचा असतो, तर मिर्मिसिनी या विस्तीर्ण उपकुलात दोन खंडांचा. (येथे शरीररचनेचे एक नवल सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मुंगीच्या वक्षाचा मागचा भाग म्हणून जो आपल्याला दिसतो, तो वस्तुतः उदराचा पहिला खंड आहे. मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांच्या समान पूर्वजांत तो वक्षाला जाऊन मिळाला, त्यामुळे मुंगीची कटी ही खरे पाहता उदराच्याच पोटात पडलेली आहे.) कटीनंतर उदराचे टोक पाहतात. तेथे रोमांची झालर असलेले वाटोळे छिद्र दिसले, तर ती मुंगी नांगीऐवजी फॉर्मिक आम्लाचा फवारा सोडणाऱ्या फॉर्मिसिनी उपकुलातली. छिद्र नसून आडवी फट असली, तर डोलिकोडेरिनी उपकुलातली. आणि स्पष्ट नांगी असली, तर शोध अन्य उपकुलांत करावयाचा. वक्षाच्या बाजूस, मागच्या पायाच्या मुळाच्या किंचित वर, एका ग्रंथीचे मुख असते; ही ग्रंथी मुंग्यांवाचून अन्य कोणत्याही कीटकास नाही. असे असूनही झाडाची पाने रेशमाने सांधून घर बांधणाऱ्या आफ्रिकेतील विणकर मुंगीने ती गमावलेली आहे, म्हणजे एखाद्या अवयवाचा अभावदेखील पुराव्यात जमेस धरावा लागतो.

ओबामांच्या नावाची मुंगी ज्या डोरिलिनी उपकुलात मोडते, त्याची खूण तर याहून सूक्ष्म आहे. उदराच्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या खंडांवरची श्वासरंध्रे इतर मुंग्यांत पुढल्या खंडाच्या कडेखाली झाकलेली राहतात; डोरिलिनींत ती मागे सरकलेली असल्यामुळे उदर न ताणताही उघडी दिसतात. सुईच्या टोकाहूनही लहान अशा या छिद्रांची जागा थोडी बदलली, आणि त्या बदलावरून भटक्या, शिकारी मुंग्यांचा एक सबंध परिवार ओळखता येऊ लागला! त्या परिवारात शिरल्यावर झास्फिंक्टस वंश ओळखणे मात्र अवघड नाही, कारण त्याच्या उदराच्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या खंडांच्या दरम्यान ठळक आवळ असतात, आणि त्यामुळे एरवी सलग दिसणारे उदर येथे गाठागाठांचे भासते.

येथवर वंश ठरला. जात ठरविण्याचे काम याहून चिकाटीचे आहे. मस्तक समोरून नीट सपाट धरून त्याची लांबी आणि रुंदी मोजतात. शृंगिकेचा पहिला लांब खंड मोजतात. आणि वक्षाची तिरपी लांबी मोजतात, जिला नील वेबर या अमेरिकन मुंगीतज्ज्ञाच्या नावाने ओळखले जाते. नुसत्या लांबीवर कोणी विसंबत नाही, कारण बालपणी मिळालेल्या आहाराप्रमाणे एकाच वारुळातील मुंग्या लहानमोठ्या होतात. म्हणून मस्तकाच्या रुंदीचे लांबीशी आणि शृंगिकेचे मस्तकाच्या रुंदीशी असलेले प्रमाण काढतात, आणि अशी मापे शक्य तितक्या नमुन्यांवरून घेऊन त्यांची किमान व कमाल मर्यादा नमूद करतात. त्यानंतर कवचावरील नक्षीचा तपशील येतो, म्हणजे रेघा आहेत की खळगे, त्या उभ्या की आडव्या, मधली जागा गुळगुळीत की मंद. मग जबड्यांवरचे दात, वक्षाच्या मागील काटे, वृंताची बाजूने दिसणारी आकृती, त्याच्याखाली असलेला उंचवटा, आणि रोमांची संख्या, लांबी व कल. रंगाची साक्ष सर्वांत शेवटी घेतात, कारण नुकत्याच कोशातून बाहेर पडलेल्या मुंगीचा रंग फिका असतो आणि संग्रहालयातल्या जुन्या नमुन्याचा उडून गेलेला असतो. या निरीक्षणांतील एकही असे नाही की, जे एकट्याने निर्णायक ठरावे. परंतु परस्परांशी संबंध नसलेली चार-पाच लक्षणे दूरदूरच्या नमुन्यांतून पुनःपुन्हा एकत्र आढळली, आणि दोन समूहांच्या दरम्यानची मधली अवस्था कोठेच मिळाली नाही, म्हणजे तेथे वेगळी जात असल्याचा दावा उभा राहतो.

दावा हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण जातीच्या नावाचा व्यवहार मला नेहमी आपल्याकडील जुन्या वतनाच्या निवाड्यासारखा वाटत आला आहे. मराठेशाहीत एखाद्या गावच्या पाटिलकीविषयी तंटा पडला, म्हणजे गोतसभा बसे; वादी आणि प्रतिवादी आपापल्या सनदा पुढे ठेवीत, भोवतालच्या गावच्या जाणत्यांच्या साक्षी होत, आणि जो निर्णय होई तो महजरात लिहून त्यावर गोताच्या निशाण्या उमटत, ज्यांत कुणब्याचा नांगर असे आणि कारागिरांची आपापली हत्यारेही असत. कोणी कितीही प्रतिष्ठित असला, तरी अस्सल आणि आधीची सनद ज्याच्या हाती, वतन त्याचे. जातिनामाच्या व्यवहारातही हाच न्याय आहे. नवे नाव देणाऱ्याने एक विशिष्ट नमुना, ज्याला होलोटाइप म्हणतात, त्या नावाची सनद म्हणून कायमचा राखून ठेवावा लागतो; तो कोठे, केव्हा आणि कोणी गोळा केला, याची नोंद त्याच्याच टाचणीला लावलेल्या चिठ्ठीवर असते; आणि पुढे एकाच जातीला दोन नावे मिळाल्याचे उघडकीस आले, तर आधीचे नाव कायम होऊन नंतरचे रद्द होते. छापील वर्णन हा महजर खरा. पण महजरातील शब्दांविषयी शंका आली, म्हणजे सनद पुन्हा उघडून वाचावी लागते, आणि मुंगीच्या बाबतीत ती उघडण्याचे साधन सूक्ष्मदर्शक हेच होय. यास्तव ‘ही जात नवी आहे’ या विधानाचा खरा अर्थ असा की, या वंशाच्या सर्व जुन्या सनदा मी तपासल्या आणि त्यांपैकी एकीतही हे शरीर बसत नाही.

आफ्रिकेच्या मुंग्यांपुरते बोलावयाचे, तर या सनदांचे दप्तर फार मोठे आणि फार विखुरलेले आहे. जिनिव्हाला ऑगस्त फोरेल यांचा संग्रह आहे आणि जिनोआला कार्लो एमेरी यांचा; बाझलच्या संग्रहालयात फेलिक्स सांची यांच्या मुंग्या आहेत. हे सांची मूळचे स्वित्झर्लंडचे, पण वैद्यकीचा व्यवसाय त्यांनी केला तो ट्युनिशियातील कैरवानला. रुग्णांची सेवा सांभाळून त्यांनी मुंग्यांना सुमारे दोन हजार नावे दिली. आणि त्याच सांचींनी १९११ साली वारुळाकडे परतणाऱ्या दाणेवेच्या मुंग्यांवर एका बाजूचे ऊन आडोशाने अडवून दुसऱ्या बाजूने आरशातून पाडले, त्यासरशी मुंग्यांनी आपली दिशा फिरविली, आणि मुंगी सूर्याच्या आधाराने मार्ग काढते हे सिद्ध झाले. सांचींच्या काळी जात, उपजात आणि प्रकार अशी चार-चार पदांची नावे देण्याची वहिवाट होती. त्यांतील चौथे पद आजच्या नियमांत ग्राह्य नाही, आणि त्या नावांचा गुंता सोडविण्यात पुढल्या पिढ्यांचे पुष्कळ श्रम खर्ची पडले. जॉर्ज आर्नल्ड यांनी बुलावायोच्या संग्रहालयात बसून १९१५ ते १९२६ या काळात दक्षिण आफ्रिकेच्या मुंग्यांवरील आपला ग्रंथ खंडशः प्रसिद्ध केला. हर्बर्ट लँग आणि जेम्स चेपिन यांनी काँगोतून आणलेल्या संग्रहावर विल्यम मॉर्टन व्हीलर यांनी १९२२ मध्ये हजारावर पृष्ठांचा प्रबंध लिहिला. आणि लंडनच्या बॅरी बोल्टन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेक आफ्रिकी वंश हाती घेऊन, जुने नमुने पुन्हा काढून, हे सारे दप्तर लावण्याचा उद्योग आयुष्यभर केला. नव्या मुंगीचा परीक्षक या सर्वांच्या खांद्याला खांदा लावून बसतो आणि त्यांच्याशी वाद घालतो.

शरीररचना पाहण्यात इतकी दक्षता घेऊनही एक धोका उरतोच, आणि तो शास्त्राच्या ध्यानात आला तो आफ्रिकेतील एका मुंगीमुळेच. स्वीडनची राणी लुइसा उल्रिका हिच्या संग्रहातील प्राण्यांचे वर्णन लिनिअस यांनी १७६४ साली छापले, त्यात केप ऑफ गुड होपहून आलेला एक पिंगट, पंखधारी, दांडगा कीटक होता. त्याचे मोठाले डोळे आणि लांबट, जाड उदर पाहून लिनिअस यांनी त्याची गणना गांधीलमाश्यांत केली. त्यांचे शिष्य फाब्रिसियस यांनी १७९३ मध्ये त्याच्यासाठी डोरायलस हा स्वतंत्र वंश स्थापिला. १८०२ मध्ये इलिगर यांनी पश्चिम आफ्रिकेतील तशाच एका कीटकाला डोरायलस नायग्रिकान्स असे नाव दिले. १८४० साली शकर्ड यांनी या कीटकांचे एक वेगळे कुलच मानून त्यावर प्रबंध लिहिला. या सगळ्या वर्णनांत अवयवांचे निरीक्षण काळजीपूर्वक केलेले आहे. परंतु वर्णिलेले बहुतेक कीटक नर होते, आणि त्यांच्या माद्या कोणत्या, हे कोडे सुटलेले नव्हते.

दुसरीकडे आफ्रिकेतून आणि इतर उष्ण प्रदेशांतून आंधळ्या, पंखहीन कामकरी मुंग्या येत होत्या. त्यांना वेस्टवुड यांनी टिफ्लोपोन, आणि शकर्ड यांनी ॲनोमा, अशी वंशनामे दिली. पुढे १८६३ मध्ये गर्स्टेकर यांनी जावाहून आलेल्या एका अजस्र, पंखहीन, सुजल्यासारख्या उदराच्या मादीचे वर्णन डिक्थाडिया या आणखी एका नव्या वंशनामाखाली केले. आज आपण जाणतो की, हे नर, त्या आंधळ्या कामकरी मुंग्या आणि ती राणी ही एकाच वंशाची तीन रूपे आहेत! डोळे नाहीत, पंख नाहीत, अशी काही मिलिमीटरांची कामकरी मुंगी, आणि तीन सेंटिमीटरांपर्यंत वाढणारा, मोठ्या डोळ्यांचा, कोयत्यासारख्या जबड्यांचा, उडणारा तिचा भाऊ, हे एकमेकांशेजारी ठेवले, तर अवयवांच्या तुलनेने त्यांचे नाते सहजासहजी कोणालाही लागले नसते. शरीररचनेचे परीक्षण अचूक होते, पण परीक्षणासाठी पुढे आलेला देह हा जातीच्या जीवनाचा केवळ तृतीयांश होता.

हे नाते जोडण्यास ज्यांच्या निरीक्षणाने मोठी मदत झाली, त्या माणसाची आठवण मुंग्यांच्या संदर्भात फारशी कोणी काढीत नाही, आणि ही उपेक्षा मला फार दिवस खटकत आली आहे. थॉमस स्टॉटन सॅव्हेज हे अमेरिकन धर्मोपदेशक आणि वैद्य १८३६ साली लायबेरियातील केप पामस येथे गेले. प्राणिशास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव आढळते ते गोरिलाच्या संबंधात: १८४७ मध्ये मायदेशी परतताना गॅबनच्या किनाऱ्यावर, विल्सन या सहधर्मोपदेशकाच्या घरी, त्यांच्या दृष्टीस एका प्रचंड वानराची कवटी पडली, तशा आणखी कवट्या आणि अस्थी त्यांनी मिळविल्या, आणि बोस्टनचे शरीरशास्त्रज्ञ जेफ्रीज वायमन यांच्यासह त्याच वर्षी गोरिलाचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. जिवंत गोरिला त्यांनी पाहिला नव्हता. आफ्रिकेत राहून वर्षानुवर्षे जे त्यांनी स्वतः, जिवंत आणि अगदी दाराशी पाहिले, ते होते ड्रायव्हर मुंग्यांचे, म्हणजे वर सांगितलेल्या आंधळ्या ॲनोमा कामकरी मुंग्यांचे, सैन्य, आणि त्याविषयीचा त्यांचा निबंधही त्याच १८४७ साली लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापून आला.

त्या निबंधात या मुंग्यांच्या दिनचर्येचा सारा तपशील आहे. त्या प्रखर ऊन टाळून रात्री किंवा अभ्राच्छादित दिवशी निघतात. वाट उघडी असली तर थोर कामकरी मुंग्या आपल्याच शरीरांची कमान उभारून खालच्यांना सावली देतात. वाटेतले उंदीर, पाली, झुरळे यांची दाणादाण उडते. आणि घरात शिरल्या तर माणसांना घर सोडावे लागते, पण परतल्यावर ते उपद्रवी किड्यांपासून मुक्त झालेले आढळते. सॅव्हेज यांनी पाठविलेल्या मुंग्यांचे शरीरवर्णन लगतच्याच पृष्ठांवर वेस्टवुड यांनी करून त्यांना ॲनोमा आर्सेन्स हे नाव दिले. एवढ्यावर सॅव्हेज थांबले नाहीत. १८४९ साली फिलाडेल्फियाच्या निसर्गविज्ञान अकादमीत त्यांचा ड्रायव्हर मुंग्यांवरील दुसरा निबंध आला, आणि त्याबरोबर त्यांनी आफ्रिकेत एकत्र मिळालेल्या ॲनोमा कामकरी मुंग्या आणि डोरायलस नर हे दोन्ही पाठविले होते. ते नमुने पाहून सॅम्युअल हॅल्डमन यांनी त्याच अंकात असे प्रतिपादिले की, ॲनोमा आणि डोरायलस हे दोन वंश एकच असावेत.

या पुराव्यावर हरकत घेता आली असती, आणि ती गैरवाजवीही ठरली नसती. मांसाहारी मुंग्यांच्या रांगेत एखादा मोठा कीटक सापडला, तर तो त्यांचे भक्ष्य असण्याचाही संभव असतो. शिवाय आज ठाऊक झाले आहे की, परक्या वारुळातून उडत आलेला डोरायलस नर रांगेजवळ उतरला, म्हणजे कामकरी मुंग्या त्याला घेरतात, त्याचे पंख तोडतात आणि त्याला आपल्या राणीकडे ओढून नेतात. पाहणाऱ्याला हे दृश्य शिकारीहून वेगळे वाटावे असे त्यात काही नाही. म्हणून केवळ सहवासाची साक्ष पुरेशी नव्हती, तिला अवयवांच्या तुलनात्मक अभ्यासाची जोड हवी होती, आणि त्या दिशेने जे काम होत गेले त्यात एमेरी यांनी १८९५ मध्ये डोरायलस वंश आणि त्याच्या अनुषंगाने मुंग्यांचे एकंदर वर्गीकरण यांचा केलेला विचार महत्त्वाचा ठरला. आज ॲनोमा, टिफ्लोपोन आणि डिक्थाडिया या तिन्ही नावांखालील मुंग्या डोरायलस या एकाच वंशात नांदतात. वेस्टवुड यांची कामकरी आर्सेन्स ही इलिगर यांच्या नर नायग्रिकान्सच्या पोटात गेली, कारण नराची सनद पंचेचाळीस वर्षांनी जुनी होती. या वंशाच्या काही जाती आपल्या देशातही आहेत आणि त्यांचे नर रात्री दिव्यांवर येतात; परंतु त्यांना पाहून मुंगी आठवणारा मनुष्य विरळाच.

गोरिला आणि ड्रायव्हर मुंगी या दोन्ही प्रकरणांत कामाची वाटणी एकाच प्रकारची होती: क्षेत्रात राहून सॅव्हेज यांनी मिळविले, आणि अवयवांचा अर्थ मायदेशी बसलेल्या शरीरशास्त्रज्ञाने लावला. गोरिला मोठा, मनुष्यासारखा आणि भयावह, म्हणून त्याची कीर्ती जगभर झाली. मुंगीच्या बाबतीत मात्र सॅव्हेज यांनी केले ते गुणाने अधिक मोलाचे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. कवटी मिळविणे हा योगायोगाचा भाग असू शकतो. चावऱ्या मुंग्यांच्या रांगांशेजारी बसून त्यांतील प्रत्येक भिन्न रूप टिपणे, आणि कामकरी मुंगी व नर यांना एकत्र मिळाल्याच्या नोंदीसह पाठविणे, हे केवळ शिस्तबद्ध बुद्धीलाच साधते. त्या एकत्रतेची नोंद झाली नसती, तर ते नर आणि त्या कामकरी मुंग्या संग्रहालयाच्या दोन भिन्न पेट्यांत आणखी कित्येक वर्षे अपरिचितांसारखी पडून राहिली असती.

ही हकीकत ठाऊक असली, म्हणजे आजच्या नव्या साधनांविषयीचा उत्साह योग्य मापात ठेवता येतो. ओबामांच्या मुंगीच्या प्रबंधाचे खरे वैशिष्ट्य असे की, त्या तिन्ही जातींचे नमुने सूक्ष्म क्ष-किरण चित्रणाने सर्व बाजूंनी टिपून त्यांच्या त्रिमितीय प्रतिकृती संगणकावर तयार करण्यात आल्या. ही प्रगती खरोखर आनंदाची आहे. जुना परीक्षक जबड्यामागील किंवा वृंताखालील भाग पाहण्यासाठी मूळ नमुना मोडण्याचे धाडस करू शकत नसे. आता प्रतिकृती हवी तशी फिरविता येते, हव्या त्या ठिकाणी छेदता येते, कवचाच्या आतील रचनाही पाहता येते, आणि मूळ देहाला धक्का लागत नाही. परंतु यंत्राने दाखविलेल्या असंख्य आकारांपैकी कोणता आकार जातीभेदाचा निदर्शक आहे आणि कोणता वय, आहार किंवा अपघात यांचा परिणाम आहे, हे यंत्र सांगत नाही. ते अनेक नमुने पाहिलेल्या डोळ्यालाच ठरवावे लागते.

डीएनएच्या तपासणीबाबतही असेच म्हणता येईल. सॅव्हेज यांना जे रांगेत बसून शोधावे लागले, ते नर आणि कामकरी मुंगी यांचे नाते डीएनएची तुलना करून आता निःसंशय जुळविता येते, आणि डोरायलसच्या ज्या जाती अद्याप केवळ नरावरून किंवा केवळ कामकरी मुंगीवरून माहीत आहेत, त्यांच्या बाबतीत तर या साधनावाचून गत्यंतर नाही. मात्र पालापाचोळ्यातून काढलेल्या शंभर मुंग्यांचे डीएनए वाचून त्यांचे दहा गट पडले, की दहा नव्या जाती सापडल्या, असे जे अधूनमधून उत्साहाने जाहीर होते, ते मला अर्धे काम वाटते. त्या दहांपैकी कोणता गट सांचींच्या १९१५ च्या नावाचा धनी आहे आणि कोणता फोरेल यांच्या, याचा निर्णय झाल्याखेरीज त्यांना नवे म्हणण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. शतकापूर्वीच्या सुकलेल्या नमुन्यातून उपयुक्त डीएनए मिळेलच असे नसते, आणि मिळाला नाही, तर जुन्या सनदेशी नव्या मुंगीची गाठ घालून देणारा दुवा म्हणून शरीररचनाच उरते.

या जुन्या सनदा युरोपात आहेत, ही गोष्टही दुर्लक्षून चालण्यासारखी नाही. काकामेगातील मुंगी ओळखू इच्छिणाऱ्या केनियातील अभ्यासकाला तिच्या नातलगांचे मूळ नमुने पाहण्यासाठी दीर्घकाळ बाझल, जिनिव्हा, ब्रुसेल्स किंवा लंडन गाठणे भाग होते, आणि तो खर्च ज्याला झेपला नाही, त्याचे काम अडून राहिले. आपणही या स्थितीतून गेलो आहोत. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील अधिकारी रॉबर्ट चार्ल्स रॉटन यांनी पुण्याच्या आसपास आणि अन्यत्र मुंग्या गोळा करून त्या त्याच फोरेल यांच्याकडे स्वित्झर्लंडला पाठविल्या, आणि फोरेल यांची भारतीय मुंग्यांवरील लेखमाला १८९२ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ज्ञान घरी परत आले, नमुने मात्र दूर राहिले. कॅलिफोर्नियाच्या विज्ञान अकादमीत ब्रायन फिशर यांच्या पुढाकाराने मूळ नमुन्यांची सुस्पष्ट छायाचित्रे सर्वांना विनामूल्य खुली करण्याचा जो उपक्रम चालला आहे, आणि क्ष-किरण प्रतिकृती जगभर उपलब्ध करून देण्याची जी नवी रीत पडत आहे, तिचे मोल मी कोणत्याही एका नव्या जातीच्या शोधाहून अधिक मानतो, कारण तिच्यामुळे निवाड्याच्या सभेत बसण्याचा हक्क नैरोबीच्या विद्यार्थ्याला आणि कोल्हापूरच्या विद्यार्थिनीला सारखाच मिळतो.

पत्रलेखकाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून शेवटी एवढे सांगेन. मुंगी नवी आहे असे जेव्हा जाहीर होते, तेव्हा त्या विधानामागे तिच्या वंशातील सर्व जुन्या नमुन्यांशी केलेली अवयवागणिक तुलना असली पाहिजे. ती नसेल, तर नाव कितीही मोठ्या व्यक्तीचे असो, ते पुढील परीक्षणात टिकण्याची शाश्वती नाही. ज्या तरुणांना या कामाची ओढ वाटते, त्यांनी साधनांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. एकाच वारुळातील लहान व मोठ्या कामकरी मुंग्या, आणि लाभलेच तर नर व राणी, परवानगीने आणि माफक संख्येने घेऊन त्या एकाच कुपीत मद्यार्कात ठेवाव्यात. स्थळ, तारीख, जमीन की झाड, आणि गोळा करणाराचे नाव ही चिठ्ठी पेन्सिलीने लिहून कुपीच्या आतच टाकावी. आणि तो संग्रह जेथे पुढील अभ्यासकाला पाहता येईल अशा त्या प्रदेशातील सार्वजनिक संस्थेत जमा करावा. उत्तम सूक्ष्मदर्शक उद्या मिळेल आणि त्याहून उत्तम यंत्र परवा निघेल. परंतु कोण कोणाबरोबर सापडले, ही नोंद ज्या क्षणी करावयाची त्याच क्षणी करावी लागते, आणि तिच्यावाचून शरीररचनेचे सर्वोत्कृष्ट ज्ञानदेखील एका घराण्याची तीन घराणी करून बसते.